उसना ताप

नर्सबाईंनी दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवला, गार लागलं, मी डोळे गच्च मिटून घेतले आणि सुईची वाट बघत राहिले. सुई आलीच नाही. डोळे उघडले तर बाई सुई तशीच हवेत धरून माझ्याकडे बघत होत्या. "अंडं चालतं ना गं तुला?" पानावर वाढताना विचारावं तसं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नाही." "नाही म्हणजे आवडत नाही, की चालत नाही?" "खाल्लं तर मरते," मी म्हणाले, आणि ते इतकं खणखणीत आलं की मागच्या रांगेतली कुजबुज एकदम थांबली. बाईंनी सुई खाली घेतली. "मग बाजूला हो बाळा. ही पीतज्वराची लस कोंबडीच्या अंड्यात वाढवतात. तुला इथे देता येणार नाही." झालं. पहाटेपासून उभी होते मी त्या रांगेत. लोक घरून खुर्च्या घेऊन आले होते, कॉफीचे थर्मास फिरत होते, एक जण तर रांगेतल्यांना मक्याच्या लाह्या विकून गबर झाला असेल. माझ्या मागचा टोपीवाला माणूस चुकचुकला, "अगं, हो म्हणायचं होतंस की! टोचून घ्यायचं, मग पुढचं पुढे." त्याची बायको त्याच्यावर उखडली, "काय पुढचं पुढे? पोरगी खरं बोलली तर हा तिला खोटं शिकवतोय!" "मी आपला उपाय सांगितला." "तुझ्या उपायांनीच तर आपला धाकटा झाला!" अख्खी रांग हसली, मीसुद्धा हसले, आणि हसतहसतच, वर केलेली बाही तशीच ठेवून, रस्त्यावर आले.

दंडावरचा तो गार ठिपका चालताना वाळत होता. नाण्याएवढी जागा, त्याहून मोठी नाही. बाकीच्या अंगाला काहीच ठाऊक नव्हतं, ते नेहमीसारखं घामेजलेलं, भुकेलं, चढ चढत होतं. पण तेवढी एक जागा सजूनधजून बसली होती आणि तिला न्यायला कुणी आलं नव्हतं. मला तिची दया यायला लागली. समोरून दंडावर कापूस चिकटवलेली माणसं येत होती. बेकरीच्या दारात दोन बायका एकमेकींचे कापूस बघत होत्या. बसचा ड्रायव्हर कापूसवाला, त्याच्या खिडकीतून हात बाहेर काढणारा पोरगाही कापूसवाला. सकाळपर्यंत मी सगळ्यांतली एक होते. आता साओ पाउलोच्या कडेला, आमच्या त्रेमेंबेत, दोनच प्रकारची माणसं उरली होती, टोचलेली आणि मी. माकडं मरायला लागल्यापासून बंद असलेल्या उद्यानाच्या फाटकापाशी आले तेव्हा फाटकामागून झाडांचा तो ओला वास आला, लहानपणापासून ज्या वासात झोपत आले तोच, आणि पहिल्यांदा मी त्या वासापासून दोन पावलं मागे सरले. मानेवर डास बसल्यासारखं वाटलं. मी फाडकन चापट मारली. केसाची बट होती.

अंड्याने मला एकदाच गाठलंय. बालवाडीत कुणाचा तरी वाढदिवस होता, केकचा तुकडा मऊ आणि पिवळा होता, आणि तो गिळल्यावर जिभेवर मुंग्या आल्याचं मला अजून आठवतं. मग ओठ माझे राहिले नाहीत. कुणीतरी दुसऱ्याचे जाडजूड ओठ माझ्या तोंडावर आणून लावल्यासारखे झाले. घसा बारीक बारीक होत गेला, जणू नळीच्या टोकातून श्वास ओढायचा आणि नळी कुणीतरी बोटात दाबत चाललंय. आई मला उचलून अनवाणी रस्त्यावर धावली. एकही गाडी थांबेना. थांबली ती कचऱ्याची. त्या लोकांनी आईला पुढे बसवलं, गल्ल्यांमधलं कचऱ्याचं ढीगभर काम टाकून, भोंगा वाजवत सरळ दवाखाना गाठला. माझ्या जिवंतपणाला म्हणून एक वास आहे, आंबलेल्या सालींचा आणि डिझेलचा. तो वास कुठेही आला की मला गहिवरून येतं. मैत्रिणी नाक दाबतात आणि मी उभी राहून हुंगते. आई अजूनही नाताळात कचऱ्याच्या गाडीवाल्यांना दारात थांबवून जेवायला घालते. त्यांतला कुणीही तेव्हाचा नाही. "तुम्ही नाही, तर तुमच्यातलं कुणीतरी," असं म्हणून वाढते. ते बिचारे काही न समजून पोटभर जेवतात.

तेव्हापासून मी गप्प मुलगी होते. सगळ्यांच्या घरी जाऊन "यात अंडं आहे का" विचारणारी मुलगी गप्पच असते, कारण तोंड उघडलं की लोकांची पंचाईत होते. पण या वर्षी काय झालं कोण जाणे, मी सोळाची झाले, केस बांधणं सोडून दिलं, ते डोक्याभोवती वाटेल तसे उभे राहू दिले, आणि शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात पीतज्वर हा विषय मागून घेतला. उद्यानात मेलेलं माकड सापडल्याची बातमी ताजी होती, म्हणून ऐकायला गर्दी झाली. मी बोलत सुटले. हवानाचा तो डॉक्टर, फिनले, डास हा ताप आणतो असं सांगत राहिला आणि वीस वर्षं लोक त्याला हसले, हे सांगताना माझा आवाज चढला. मग सांगितलं, तिथल्या छावणीत एका बंद लाकडी खोलीत काही तरुण मुद्दाम झोपले, तापाने मेलेल्यांच्या चादरींवर, त्यांच्या उलटीने कडक झालेल्या कपड्यांत, रात्रीमागून रात्री. का? तर ताप कपड्यांतून येत नाही हे दाखवायला. आणि त्यांना खरंच काही झालं नाही! पुढे डास चावून घेणारे आले. त्यांतली एक पंचवीस वर्षांची नर्स होती, ती गेली. बोलता बोलता मला एकदम त्या चादरींचा स्पर्श झाला, बोटांना, मानेला. मी अडखळले. विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, "ताइना, पाणी पी." मी म्हटलं, "नको बाई, ते लोक पाणी प्यायला उठले नव्हते." सगळे हसले आणि टाळ्या वाजल्या. घरी येताना मला वाटत होतं की मी आता कुणालाही काहीही सांगू शकते. आणि सांगून सांगून शेवटी काय सांगितलं, तर नर्सबाईंना, की खाल्लं तर मरते.

आमचं घर गल्लीतलं शेवटचं. त्याच्यामागे भिंत, भिंतीमागे उद्यान आणि उद्यानामागे थेट डोंगरापर्यंत रान. रोज उजाडताना रानातली बुझिओ माकडं ओरडायची. ओरडणं कसलं, दूरवर कुणीतरी अवजड कपाटं फरफटवत न्यावीत तसा घोगरा गडगडाट. आमच्या गल्लीत घड्याळाचा गजर कुणी लावत नाही. बुझिओ ओरडले की आई कॉफीचं पाणी ठेवते, आमांसिओ काका वरच्या मजल्यावर खाकरतात. भरदुपारी ओरडले तर पाऊस, म्हणून वाळत घातलेले कपडे आत. मग ती मरायला लागली. कावळा मरावा तशी नाही, माणसासारखी. झाडाच्या दुबेळक्यात बसल्या बसल्या, पिल्लाला पोटाशी धरून. डास त्यांनाही चावतो आणि त्यांना तर आमच्याहून लवकर मारतो. म्हणजे ती मरतात तेव्हा ताप पोचलाय हे आम्हांला कळतं, आम्ही मरायच्या आधी. इतकं साधं आहे. पण गल्लीने नेमकं उलटं धरलं. आमांसिओ काकांनी पोरं जमवली, फटाके आणले, बेचक्या आणल्या, आणि भिंतीवर चढून उरलेल्या टोळीला हुसकायला लागले. "यांनीच आणलाय ताप, मुळावर घाव घाला!" मी खाली उभी राहून ओरडले, "काका, धूर दिसला म्हणून आरोळी ठोकणाऱ्यालाच हाणताय तुम्ही!" "तू शाळेत भाषण कर गं, इथे नको." "भाषण ऐकायला तुम्ही शाळेत आला असता तर बेचकी घेऊन भिंतीवर चढला नसता!" काका भिंतीवरून बघतच राहिले. ही रोझांजेलाची मुकी मुलगी? पोरं फिदीफिदी हसली, काकांवर की माझ्यावर ते ठरवता आलं नाही. तरी एक दगड गेलाच. वर पानांत काहीतरी हललं, खूप हळू, म्हातारं माणूस कूस बदलतं तसं.

लस न घेता मी परतले ते आईने माझ्या बाहीवरूनच ओळखलं. तिने लगेच खिडक्या लावायला घेतल्या. एकेक फट टेपने बंद केली. मग हात पुसत म्हणाली, "रविवारी तुला दक्षिणेला पोचवते. मामाकडे. हे सगळं निवळेपर्यंत तिकडेच राहायचं." "निवळेपर्यंत म्हणजे? शाळा?" "तिकडे शाळा नाहीत?" मी सांगितलं की मोठ्या दवाखान्यात अंडं न चालणाऱ्यांना डॉक्टर समोर बसवून, थेंब थेंब करून लस देतात, मी फोन करून विचारलंय, आईची सही लागते. आई ज्या स्टुलावर चढली होती त्याच्यावरच बसली. "जी गोष्ट तुझा गळा आवळायला निघाली होती, ती मी सही करून तुझ्या दंडात घालू?" ती हळू बोलली. माझ्या नव्या आवाजाला चढायला भिंत लागते; आई भिंत नव्हती, ती स्टुलावर टेप हातात घेऊन बसलेली बाई होती, आणि तिच्या तळपायांना अजून तो अनवाणी धावलेला रस्ता लागत होता. मला जायचं नव्हतं. मामा चांगला आहे, पण तिथे मी परत "यात अंडं आहे का" विचारणारी मुलगी होणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. आणि त्याच्याही खाली, जिथे माझं मलाच बघवत नव्हतं तिथे, दुसरी भीती होती. बस सुटायच्या आत एखादा डास फटीतून आला तर?

शुक्रवारी रिओहून झेनाइदे मावशी आली. ती आईची मावशी, पण जगाचीच मावशी. चौऱ्याऐंशी वर्षांची, एवढीशी, आणि बसच्या प्रवासात शेजारच्या बाईचं लग्न का मोडलं ते सगळं ऐकून आलेली. मावशी तरुणपणापासून पिकल्या केसांपर्यंत रिओच्या लसघरात अंड्यांच्या खोलीत होती. ही लस, हीच, जी मला चालत नाही. अंधाऱ्या खोलीत दिव्यापुढे अंडं धरायचं. आत लाल दोऱ्यांचं जाळं दिसतं, मधे काळा ठिपका, तो डोळा. ठिपका हलला तर जिवंत. मग कवचावर पेन्सिलीने खूण करायची, की पुढच्या बाईने नेमकी कुठे सुई घालावी. काही दिवसांनी कवच कापून ते पिलू चिमट्याने बाहेर काढायचं. अशा पिलांचीच लस व्हायची. मावशीच्या हाताला ती सवय इतकी मुरलीय की आमच्या स्वयंपाकघरात कांदा जरी दिला तरी आधी दिव्यापुढे धरते. आईने तिला बोलावलं होतं ते आपल्या बाजूने बोलायला. मावशी माझ्याशी बोलेचना. कॉफी घेतली, पाव खाल्ला, पुन्हा कॉफी. मग म्हणाली, "रोझा, मी काय सांगू? माझ्या तोंडाने मी घे म्हणूही शकत नाही आणि नको म्हणूही शकत नाही. ही पोरगी निळी पडली होती ना, तेव्हा तू फोनवर रडत होतीस, आणि मी तिकडे मनात म्हटलं, आलं. माझ्याच हिशोबाचं आलं. लाखांनी पिलं काढली मी. डोळे हलताना बघून काढली. त्यांनी कधीतरी कुणावर तरी राग काढायचाच होता, माझ्यावर काढायचा सोडून या लेकरावर काढला." आई म्हणाली, "काहीतरीच काय मावशी!" पण आईच्या चेहऱ्यावर दिसलं की हे तिलाही कधीतरी वाटून गेलंय. मी दोघींकडे बघत होते. इतकी वर्षं माझ्या घशावर माझं एकटीचं दुखणं म्हणून हात ठेवून होते, आणि त्या हातावर या म्हातारीचा हात होता, मला न सांगता. मला हसूही आलं आणि रडूही. मी म्हटलं, "मावशी, रागावलेली पिलं रिओहून साओ पाउलोला आली, त्रेमेंबेत घर शोधलं, आणि केकमध्ये बसली? पत्ता कुणी दिला?" मावशी पदर नसलेल्या खांद्यावर पदर ओढावा तसा हात फिरवत हसली. "तुझी जीभ कधी सुटली गं एवढी?" "याच वर्षी." "बरं झालं," ती म्हणाली. आईने मात्र कपाटावरून माझी पेटी खाली काढली.

शनिवारी उजाडताना मी जागी झाले, तेव्हा आई खिडकीशी उभी होती. एका खिडकीचा टेप तिने उचकटला होता आणि फट कानाशी धरावी तशी उभी होती. मला पेटी भरायला उठवतेय असं वाटलं. ती म्हणाली, "ऐक." मी ऐकलं. पाण्याचा पंप. लांबची पहिली बस. वर आमांसिओ काकांच्या पलंगाची करकर. "काही नाही ऐकू येत," मी म्हटलं. आई म्हणाली, "तेच." मग मला समजलं, आणि पायाखालची फरशी गार लागली. माकडांची टोळी आता उरलीच नव्हती. ताप असेल, फटाके असतील, दगड असेल. झाडं नेहमीसारखी उभी होती, पण त्यांच्यामधून जो गडगडाट यायचा त्या जागी एक मोठं भोक होतं, आणि त्या भोकातून पहाट आत येत होती. वर काका उठून खाकरले नाहीत. तेही पडल्या पडल्या ऐकत असणार. जन्मभर ज्याने उठवलं ते आज आलं नाही म्हणून जागे. आईने उचकटलेला टेप बोटाभोवती गुंडाळला. तिला काय वाटत होतं ते मला कधीच कळणार नाही, पण मला जे वाटलं ते सांगते. मला वाटलं की ती माकडं सगळं सांगून झाल्यावर गप्प बसली आहेत. शेवटपर्यंत ओरडली, जमलं तेवढं सांगितलं, आणि आता आमची पाळी आहे. मी मनात त्यांना हात जोडले. आई वळली, तिचा चेहरा रडून झालेला होता. "तो दवाखान्याचा नंबर कुठेय?" ती म्हणाली. "आणि मावशीला उठव. तिलाही नेऊ. एकटीच बसून पिलांशी भांडत राहील."

दवाखान्यातली डॉक्टर माझी मोठी बहीण शोभेल एवढी तरुण, नखांना निळा रंग लावलेली. तिचं नाव तेमिस. म्हणाली, "तर तू ती, जिने फोनवर माझी परीक्षा घेतली." आईने घाबरून विचारलं, "काय बोलली ही?" "म्हणाली, तुमच्याकडे ऑक्सिजन आहे का, घशात घालायची नळी आहे का, आणि ती घालता येणारं माणूस शनिवार-रविवारी सुटीवर असतं का." मावशी खुदखुदली. आईने सही केली. सही करताना पेन इतकं दाबलं की टेबलावर उमटली असेल. आधी उताण्या ठेवलेल्या हातावर एक टोचणी. वाट बघायची. मग दंडात अगदी थेंबभर. वाट बघायची. त्या वाट बघण्यात माझं अंग एखाद्या घरासारखं झालं होतं, ज्यात पाहुणा शिरलाय आणि मी खोल्याखोल्यांतून त्याच्या मागे जातेय. आता ओठ? नाही. आता जीभ? जिभेवर मुंग्या आल्या. आल्या की मीच आणल्या? आणखी एक थेंब, आणि या वेळी दंडावर लाल गांधी उठली, खाजरी, वाढत वाढत जाणारी. आईची बोटं माझ्या गुडघ्यात रुतली. तेमिसने गांधीभोवती पेनाने रेघ काढली. "रेघ ओलांडली तर थांबू. तोवर गप्पा मारा." पण गप्पा कोण मारणार? आई गांधीकडे बघत होती, गांधी रेघेकडे, आणि माझा श्वास मी स्वतःच मोजून मापून घेत होते, उधळून संपू नये म्हणून.

तेव्हा मावशी बोलायला लागली. रेघेकडे न बघता, समोरच्या भिंतीकडे बघत. "आम्ही नव्या मुली आलो ना, तेव्हा आमच्या मोठ्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की लसीतला हा ताप एका माणसाचा आहे. त्याचं नाव विसरायचं नाही. असिबी." मी विचारलं, "कोण असिबी?" "आफ्रिकेतला. आता घाना म्हणतात तिथला. माझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. तरणाताठा माणूस, त्याला ताप आला. डॉक्टर लोक गावोगाव हिंडत होते, त्यांनी त्याचं रक्त घेतलं आणि भारतातून आणलेल्या एका माकडाला टोचलं. माकड मेलं. असिबी बरा झाला. त्या डॉक्टरांतलेही काही जण पुढे त्याच तापाने गेले. पण त्याच्या रक्तातला तो ताप त्यांनी मरू दिला नाही. माकडातून माकडात, मग उंदरात, मग पिलांच्या पेशींत, वर्षानुवर्षं, या भांड्यातून त्या भांड्यात. आणि कधीतरी वाटेत तो ताप निवला. चावायचा विसरला. का विसरला ते नेमकं कुणालाच सांगता आलं नाही म्हणे. तोच अंड्यात घालायचो आम्ही. जगात ज्याला ज्याला ही लस टोचलीय, त्याच्यात त्या एका माणसाचा ताप आहे." "त्याचं पुढे काय झालं?" "बरा झाला, एवढंच बाईंना ठाऊक होतं. मला कधी कधी वाटायचं, त्याला कुणी सांगितलं असेल का?" मावशीने अंडं धरल्यासारखी बोटं दिव्याकडे वर केली. "मी पिलू काढताना मनात म्हणायचे, असिबी, हे तुझ्यासाठी नाही, तुझ्याकडून आहे. मग हात कापायचा नाही." मी मावशीचा हात धरला. पातळ, कोरडा, अंड्याच्या कवचासारखा गुळगुळीत. मला वाटलं, हिने माझ्या घशावर राग पाठवला नव्हता. ही तर दिव्यापुढे उभी राहून, मी जन्मायच्या कितीतरी आधीपासून, माझी वाट सुरक्षित करत होती, पेन्सिलीने खुणा करत करत. हे मला तिला सांगायचं होतं, माझ्या नव्या आवाजात, चांगलं सजवून. तोंडातून एवढंच आलं, "मावशी, थँक्यू हं." ती म्हणाली, "गप गं, श्वास घे नीट." तेमिस येऊन वाकली. "रेघेच्या आतच आहे. मावतेय." पुढचा थेंब. आणि पुढचा. सगळी लस आत गेली. तरी बसवून ठेवलं. दुपार कलली तेव्हा तेमिस म्हणाली, "उठ आता, घरी जा, माझी खुर्ची मोकळी कर." मावशीने तिला दोनदा विचारलं, "सगळं गेलं आत? काहीच नाही झालं?" आणि मग तिथेच, त्या पांढऱ्या भिंतीपाशी, ती अशी ढसाढसा रडली की तेमिसने तिचीच नाडी बघायला घेतली. "काही नको बघू," मावशी हुंदके देत म्हणाली, "मला कॉफी दे, चांगली तीन चमचे साखर घालून."

ताप पुढच्या आठवड्यात आला. मावशी रिओला परत गेली होती, पेटी कपाटावर चढली होती, मी शाळेतून आले आणि जिना चढताना गुडघे बोलायला लागले. डोळ्यांमागे जड, पाठीत मऊ मऊ दुखणं. आईने कपाळाला हात लावला आणि तिचा चेहरा पांढरा झाला. तेमिसला फोन केला. मला पलीकडचं हसणं ऐकू आलं. "येतो थोडा कधी कधी. चांगली खूण आहे, लागू पडलीय. गोळी द्या, भरपूर पाणी द्या." आई गोळी आणि पेला घेऊन आली तेव्हा मी पलंगावर पडून खिडकीतली दुपार बघत होते. टेप काढलेल्या काचेवर डिंकाचे पट्टे राहिले होते, त्यातून ऊन आडवंतिडवं येत होतं. अंग दुखत होतं आणि मला ते दुखणं आवडत होतं, हे कसं सांगू? असिबीच्याही गुडघ्यांत असंच दुखलं असेल. तोही असाच कुशीवर वळला असेल, आपल्या गावात, आपल्या अंथरुणावर, त्याच्याही कपाळाला कुणीतरी हात लावला असेल. त्याने हा ताप कुणाला द्यायचा म्हणून अंगावर घेतला नव्हता, तो फक्त आजारी होता, बरं व्हायची वाट बघत होता. आणि तो ताप इतक्या लोकांतून, भारतातल्या माकडातून, उंदरांतून, मेलेल्या डॉक्टरांच्या हातांतून, मावशीच्या दिव्यापुढून, डोळे हलणाऱ्या पिलांमधून, चावायचं विसरत विसरत, पार त्रेमेंबेच्या शेवटच्या घरात येऊन आता माझ्या गुडघ्यात बसला होता. सौम्य. दमलेला. घर विचारत आल्यासारखा. मला त्याला बसू द्यायचं होतं.

"हसतेस काय तापात?" आई म्हणाली. "भ्रम झालाय की काय?"

"आई, गोळी नको इतक्यात."

"अगं, अंग भाजतंय तुझं."

"थोडंसंच भाजतंय. जरा वेळ राहू दे."

आईने पेला खाली ठेवला, गोळी मुठीत धरली, आणि माझ्या पायाशी पलंगावर बसून राहिली.